पास्कोल मिस्किटा अँड सन्स

रविवार, १० ऑगस्ट २०२५

ही डायरी आम्हाला शवपेटीच्या कड्या आणि क्रूस पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने जानेवारीत भेट दिली होती. पहिल्या पानावर फुलांच्या परडीचं चित्र आहे. सात महिने ती कोरीच पडून होती. आज चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादरांनी मला देवळाबाहेर गाठलं आणि म्हणाले, "जेनेव्हिव्ह, तुमच्या दुकानाला यंदा पंचाहत्तर वर्षं झाली. चर्चच्या मासिकाचा ऑल सोल्सचा, मृतांच्या दिवसाचा अंक निघेल, त्यात एक पान लिहून दे. आजोबांपासून आजपर्यंत." मी हो म्हणून बसले. शाळा सुटल्यापासून मी मराठीत किराणाच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. तेव्हा हात बसावा म्हणून ही डायरी.

सुरुवात इथून करते. मी जेनी, वय अडतीस. नोकरी विमानतळाच्या कार्गोमध्ये, कागदपत्रांची. मरोळ गावठाणात क्रूसाच्या समोर आमचं दुकान, मागे घर. बोर्डावर 'पास्कोल मिस्किटा अँड सन्स, अंडरटेकर्स, स्थापना १९५०'. पास्कोल म्हणजे माझा आजा. सन्स म्हणजे एकच, माझे पपा, इसिडोर. ११ जुलैला पपांना झटका आला. उजवा हात गेला, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. डोकं शाबूत आहे, त्यामुळे चिडचिड दुप्पट.

माझा भाऊ ब्रायन कॅनडात असतो. तो ऑक्टोबरअखेर येणार आणि दुकानाचं काय ते ठरवणार. आमची सगळी रांग पाडून तिथे टॉवर व्हायचाय, बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्यात, फक्त पपांची राहिलीय. नव्या इमारतीत शवपेट्यांचं दुकान चालणार नाही, हे बिल्डरने आधीच सांगून टाकलंय. म्हणजे सही झाली की धंदा संपला. तोवर कुणीतरी शटर उघडायला हवं, म्हणून मी बिनपगारी रजा घेतली आहे, ३ नोव्हेंबरला परत हजर व्हायचंय. ब्रायन येईपर्यंतच.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आज पहिल्यांदा माप घ्यायला एकटी गेले. चर्चच्या मागच्या चाळीतल्या एक आजी, वय नव्वद.

आमच्या घराण्यात टेप वापरत नाहीत. टेप बघितला की घरच्यांना हुंदका फुटतो, असं आजाचं म्हणणं होतं म्हणे. म्हणून काठी. दिसायला साधी म्हाताऱ्या माणसाची काठी, तिच्यावर बारीक खाचा. जायचं, गुडघे टेकायचे, काठी पलंगाला लावून आडवी ठेवायची, 'नमो मारिया'ची एक प्रार्थना म्हणायची आणि उठायचं. तेवढ्यात माप झालेलं असतं आणि कुणाला कळलेलंही नसतं. दुकानात आल्यावर फळीवर काठी ठेवायची, जिथे माप संपतं तिथे चार बोटं आडवी लावायची, आणि आमचा सुतार सीताराम तिथे पेन्सिलीने रेघ मारतो. ती चार बोटं म्हणजे बुटांची आणि उशीची जागा.

सीताराम मालवणचा, सदतीस वर्षं आमच्याकडे आहे. त्याने माझ्या हाताशी रेघ मारली आणि म्हणाला, "जमतला तुका." आजी छोट्याशा होत्या, लुगड्यात, पायांत काही नाही. सगळं नीट पार पडलं.

घरच्या बायकांनी मला थांबवून घेतलं. आजींना लुगडं नेसवायला मदत केली. पपा असते तर बाहेर थांबले असते. निऱ्या त्यांच्या सुनेपेक्षा मला बऱ्या जमल्या.

मंगळवार, २ सप्टेंबर

फादरांचं पान लिहायला घेतलं. आतापर्यंत एवढंच:

'१९५० ते १९६९, पास्कोल मिस्किटा. जहाजाच्या गोदीत सुतार होते. १९७९ पासून आजपर्यंत, इसिडोर मिस्किटा.'

मधली दहा वर्षं दुकान कसंबसं चालू होतं, असं पपा पूर्वी सांगायचे. आजा गेला तेव्हा पपा नऊ वर्षांचे होते, त्यामुळे त्यांना तरी काय आठवणार. मी लिहिलं, 'मधल्या काळात दुकान कसेबसे चालू राहिले.' वाक्य जरा पोकळ वाटतंय, पण एका पानात किती मावणार.

आजी सेराफिना मला आठवते ती खिडकीत बसून अस्तर शिवताना. पांढरं सुती कापड, कडेला बारीक दुमड. मी सहा वर्षांची असताना ती गेली. तिच्याबद्दल एक ओळ टाकायला हवी. 'पत्नी सेराफिना यांनी मोलाची साथ दिली.'

बुधवार, १७ सप्टेंबर

वाट लागली. लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते.

काल डॉमनिक काका गेले. सव्वासहा फुटांचा माणूस, तीस वर्षं गावठाणातल्या मुलांना फुटबॉल शिकवला. शेजारच्या गल्लीतच घर. मी काल सकाळी माप घेतलं, काठी दोनदा लावून वर तीन खाचा. पपांना मिथुन, आमचा ड्रायव्हर, फिजिओथेरपीला घेऊन गेला होता. दुकानात मी आणि सीतारामच. फळीवर काठी ठेवली, चार बोटं लावली, रेघ मारली. सगळं नेहमीसारखं.

आज दुपारी त्यांच्या घरी पेटी नेली. काकांना सूट, टाय, आणि रविवारचे काळे बूट घातलेले, आरशासारखे चकचकीत. चौघांनी उचलून ठेवलं. डोकं उशीवर टेकलं आणि पाय मावेनात. बुटांची टोकं पायाकडच्या पाटाला अडकून वर उठली. मी काकांचे गुडघे जरा वाकवून पाहिले, तर पँट फुगली. खोलीत पंचवीस माणसं, आणि सगळी पायांकडे बघतायत.

शेवटी बूट काढले. मोजे सारखे केले आणि बूट पायांशेजारी ठेवले.

त्यांची बायको सिसिलिया काकू आतून आल्या. "बूट कुणी काढलं?"

मी म्हणाले, "मी काढले, काकू. पेटी एक इंच कमी पडली. चूक माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काल सकाळी मीच पॉलिश केलं होतं." आणि वर, "इसिडोर असता तर असं झालं नसतं."

झाकण लावलं. दफन होईस्तोवर मी त्या मोज्यांचाच विचार करत होते. एका मोज्याला अंगठ्याशी रफू केलेलं होतं, आणि ते कुणाच्या नजरेस पडायला नको होतं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सकाळी सीतारामबरोबर बसून शोध लावला. काठी बरोबर, खाचा बरोबर. सीतारामने पपांनी मारून घेतलेली एक जुनी रेघ दाखवली आणि शेजारी माझी बोटं ठेवायला सांगितली. पपांची चार बोटं साडेतीन इंच. माझी चार बोटं अडीच. एवढंच.

म्हणजे पंचाहत्तर वर्षं हे दुकान इंचांवर नव्हे, मिस्किटांच्या पुरुषांच्या बोटांवर चाललंय, आणि हे कुणीही कुठे लिहून ठेवलेलं नाही. मी कार्गोत बारा वर्षं खोक्यांची मापं तपासली, आणि इथे मला हे सुचलं नाही.

पपांना सगळं सांगितलं. ते डोळे मिटून बसले.

रविवार, २८ सप्टेंबर

पपा अजून रागात आहेत. आज दुपारी त्यांनी खुणेने सीतारामला बोलावलं (रविवारी तो येत नाही, पण हल्ली येतो), मांडीवर एक छोटी फळी ठेवायला लावली. डाव्या हाताची चार बोटं तिच्यावर ठेवली. सीतारामने दोन्ही बाजूंनी रेघा मारल्या. मग पपांनी माझा हात ओढला आणि त्या दोन रेघांमध्ये ठेवला. मी चार बोटं ठेवली. दिसतच होतं, एक इंच रिकामा.

"नाय," पपा म्हणाले. "नाय, नाय."

"ठाऊक आहे पपा. माझा हात लहान आहे."

"नाय!" आणि माझा अंगठा पकडून असा ओढला की मला दुखलं. मी हात सोडवून घेतला. आयुष्यात त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. सीतारामला बाहेर विचारलं, हे काय चाललंय. तो म्हणाला, "शेटच्या मनात काय असा, माका काय ठाऊक." फळी मात्र त्याने रंधा न मारता कोपऱ्यात जपून ठेवली आहे, कारण पपांनी तशी खूण केली.

मला वाटतं, त्यांना मला दाखवायचं होतं की हे काम माझ्या हातचं नाही. मुद्दा बरोबरच आहे. इतक्या जोरात दाखवायची गरज नव्हती.

सोमवार, ६ ऑक्टोबर

अठरा दिवसांत एकही बोलावणं नाही. गावठाणात या काळात दोन मयती झाल्या, दोन्ही ठिकाणी अंधेरी स्टेशनकडच्या दुसऱ्या अंडरटेकरची गाडी आली. लोक समोरून नीट बोलतात, पपांची चौकशी करतात आणि क्रूसाशी पोचले की आवाज खाली येतो. मिथुन म्हणतो, "टेन्शन घेऊ नको, विसरतील." विसरणार नाहीत. आमच्याकडे कुणाच्या लग्नात १९८२ साली मटण कच्चं राहिलं होतं ते अजून सांगतात.

मी आता लोखंडी फूटपट्टी आणली आहे. साडेतीन इंचांवर लाल खूण केली. पपांनी ती पाहिली आणि कपाटामागे टाकून दिली.

ब्रायनचा फोन. "जेनी, तू उगाच डोक्याला ताप करून घेतेयस यार. तीन आठवडे काढ. मी येतो, पपांची सही घेऊ, दुकान बंद, तू एसीत परत जा." मी बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र मी दुकानात जाऊन नुसतीच बसले. सीताराम एका कोऱ्या पेटीला पॉलिश करत होता. मी दुसरं फडकं घेतलं. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून तीन पेट्या पुसल्या, काही गरज नसताना. दीप्तीचा, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा, मेसेज होता, तीन नोव्हेंबरला नक्की येतेयस ना. उत्तर उद्या देईन.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

डॉमनिक काकांची महिन्याची मिस्सा. मी मागच्या बाकावर बसले. नंतर निघून जाणार तोच सिसिलिया काकूंनी हाक मारली. "पळतंस कुठे? ये घरी, फुगे केलेत."

गेले. त्यांनी फुगे, आमचे तळलेले गोल पाव, समोर ठेवले, पण डॉमनिक काकांचं नावही काढलं नाही, बुटांचंही नाही. मला फादरांच्या पानाबद्दल विचारलं. मी मोबाइलवर लिहिलेलं वाचून दाखवलं.

"एकोणसत्तर ते एकोणऐंशी कोण होतं म्हणतंस?"

"कुणी नाही. कसंबसं चालू होतं."

काकू हसल्या, महिन्याभरात पहिल्यांदाच बहुतेक. "कसंबसं काय गो? सेराफिनाबाय होती की. माझी सासू चौऱ्याहत्तरला गेली, तिला मापायला तीच आलेली. हिरवं लुगडं, हातात ती काठी. मी नवी सून, मना काय ठाऊक. मी विचारलं, पाय दुखतो काय बाय? तर बोलली, नाय गो, काठीला फिरवायला आणलंय."

मी विचारलं, मग दुकानात पेट्या कोण करायचं. म्हणाल्या, सुतार ठेवला होता, पण फळीवर हात तिचाच. "मी स्वतः बघितलंय. असा अख्खा पंजा ठेवायची लाकडावर." त्यांनी टेबलावर हात ठेवून दाखवला, बोटं जुळवून, अंगठा चिकटवून. बहुतेक आजी लाकडाला आशीर्वाद देत असेल, जुन्या बायका भाविक असायच्या.

"दहा वर्षं चालवलं तिने," काकू म्हणाल्या. "कुणी विचारलं तर बोलायची, इसिडोर मोठा होईपर्यंत. तुझा बाप मोठा झाला, बोर्ड रंगवला, सन्स म्हणून. बाय जाऊन बसली खिडकीत."

घरी येताना मी पाचसहा फुगे पपांसाठी आणले. त्यांना विचारलं, "दहा वर्षं आजीने दुकान चालवलं, हे मला कधी सांगितलं नाहीत?" त्यांनी चावत असलेला फुगा खाली ठेवला. मग त्यांचे डोळे भरून आले. झटक्यानंतर त्यांचे डोळे वरचेवर भरतात, डॉक्टर म्हणतात तसं होतं.

बुधवार, २९ ऑक्टोबर

ब्रायन आला. जाड झालाय. पपांना मिठी मारून खूप रडला, मग चॉकलेटं काढली. पोरगा वाईट नाही. तिकडे दोन नोकऱ्या करतो, इथे येऊन पेट्या विकेल अशी अपेक्षा कुणी कशी करावी. तरी पपा सगळा वेळ दाराकडे बघत होते, आणि मी आत आले की नजर माझ्यावर. चहा हवाय का विचारलं, नाही. पाणी, नाही. शनिवारी सह्या आहेत.

मी दुकानातली कपाटं आवरायला घेतली. आजीच्या हातचं अस्तर सापडलं, एकच, पिवळं पडलेलं. टाकवलं नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहिते.

अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर कागद मांडले. ब्रायनने पपांच्या डाव्या हातात पेन दिलं, सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या केल्या होत्या. पपांनी पेन खाली ठेवलं. "फळी," म्हणाले.

ब्रायनला कळेना. सीताराम दारातच होता, तो धावत जाऊन ती कोपऱ्यातली छोटी फळी घेऊन आला. पपांनी ती बिल्डरच्या कागदांवर ठेवली, आपली चार बोटं रेघांमध्ये टेकवून दाखवली, उचलली. मग माझा हात घेतला. मी पुन्हा चार बोटं ठेवली. पुन्हा त्यांनी माझा अंगठा धरला, पण आज हळू, आणि बोटांना चिकटवून फळीवर दाबला.

अख्खा पंजा. या रेघेपासून त्या रेघेपर्यंत, बरोबर.

"पाच," पपा म्हणाले. मग मोठ्या कष्टाने, एकेक अक्षर ओढत, "आयची... पाच."

मला सिसिलिया काकूंचं टेबल आठवलं. आशीर्वाद नव्हता तो. आजीची पाच बोटं होती. नऊ वर्षांचा इसिडोर तिच्या शेजारी उभा राहून ते बघत असणार, रोज, दहा वर्षं. सप्टेंबरपासून हा माणूस मला एवढंच सांगत होता आणि मी अंगठा सोडवून घेतला. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

ब्रायनला मी सगळं समजावून सांगितलं, बूट, मोजे, आजी, सगळं. त्याने विचारलं, "म्हणजे सही नाही?"

"नाय," पपा म्हणाले. हा शब्द त्यांना आता छान येतो.

"मग चालवणार कोण, पपा?"

पपांनी माझा हात फळीवरून उचललाच नव्हता. त्यावर त्यांनी आपला डावा हात ठेवला.

ब्रायनने कागद गोळा केले. जरा चिडला होता, ते साहजिक आहे, त्याने तिकडे काही ठरवलं असणार. दारात थांबून म्हणाला, "तुला दुकान हवं होतं तर बोलायचं ना, जेनी."

"मलाच माहीत नव्हतं रे."

फादरांना फोन करून विचारलं, पान छापायला गेलं का. उद्याचा अंक काल संध्याकाळीच छापून आला होता. 'मोलाची साथ दिली' तसंच गेलं. फादर म्हणाले, ख्रिसमसच्या अंकात दुरुस्ती टाकू. त्यांना मी आत्ताच लिहून पाठवलं: '१९६९ ते १९७९, सेराफिना मिस्किटा.' पुढे काही जोडलं नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काल मी ऑफिसला गेले नाही. दीप्तीला कळवलं. ती म्हणाली, "वेडी आहेस का गं?" मी म्हणाले, असेन.

काल नऊ वाजता सिसिलिया काकू स्वतः दुकानात आल्या. त्यांची धाकटी बहीण बर्था पहाटे गेली. बर्था मावशी नर्स होत्या, उंच, ताठ, चाळीस वर्षं वॉर्डात उभ्या राहून काढली. काकू पपांशी बोलल्या, मग माझ्याकडे वळल्या. "तिला पांढरा युनिफॉर्म घालायचाय. आणि तिचं पांढरं बूट." एवढं बोलून गेल्या. दुसऱ्या अंडरटेकरचं दुकान त्यांच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

मी काठी घेऊन गेले. पलंगाशी गुडघे टेकले, 'नमो मारिया' म्हटली, आणि तीन-चार बायकांनी मिळून बर्था मावशींना धुतलं, युनिफॉर्म घातला, बूट घातले, नाड्या मी बांधल्या. दुकानात आल्यावर फळीवर काठी ठेवली. पपा खुर्चीत होते. मी पंजा ठेवला, अंगठा जुळवून. सीतारामने रेघ मारली. अस्तर मी आजीचंच बघून कापलं, सुती, आणि दुमड घालायला मला दुपार लागली. सरळ आलेली नाही.

आज तीन वाजता पेटी नेली. खोलीत पुन्हा माणसंच माणसं, त्यातली बरीचशी डॉमनिक काकांच्या वेळचीच. उचलून ठेवलं. मी पायांकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघितलं.

सिसिलिया काकू पुढे आल्या. सगळ्यांसमोर त्यांनी पेटीत पायांच्या बाजूला हात घातला, बुटांच्या टोकांपलीकडे, आणि पाटापर्यंतची जागा बोटांनी चाचपून पाहिली. मग हात बाहेर काढला, बहिणीच्या युनिफॉर्मची कॉलर सारखी केली.

"झाकण लाव, जेनी," म्हणाल्या.